बंदर बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं? पोर्ट लुईबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकातल्या मॉरिशसच्या लेखात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की एक सकाळ बीच सोडा आणि पोर्ट लुईच्या बंदरावर जा, तिथे खरंखुरं काम चालतं. बाकी लेख राहिला बाजूला आणि त्या एका वाक्यावरच ढीगभर प्रश्न आले. काही कुतूहलाचे, काही चिडलेले, एक-दोन तर सरळ भांडायलाच आलेले. जमतील तेवढ्यांना इथे उत्तर देतोय, क्रम काही लावलेला नाही.

प्रश्न : आमची आठवड्याची ट्रिप आहे, सोबत दोन मुलं. बंदरावर वेळ घालवायचा म्हणजे जरा जास्तच नाही का? आमचे हे म्हणतात क्रेन, कंटेनर आणि माशांचा वास, याशिवाय तिथे काय असणार?

ताई, तुमचे हे अगदी बरोबर बोलतायत, क्रेन, कंटेनर आणि वास हेच आहे तिथे आणि तेच बघायला जायचंय! पण अख्खा दिवस नको, सकाळ पुरे, आणि सकाळच का ते सांगतो. बंदराचं तोंड वायव्येला आहे, म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरची जहाजं लख्ख दिसतात, दुपारनंतर तोच सूर्य पाण्याच्या बाजूला उतरतो मग सगळं काळं काळं दिसायला लागतं आणि डोळे चुरचुरतात ते वेगळंच. शिवाय पोर्ट लुई डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे बेटाच्या मधल्या पठारापेक्षा इथे उकाडाही जास्त.

बहुतेक टूरवाले गाडी कॉदान वॉटरफ्रंटला थांबवतात. १९९६ साली सुरू झालेला हा भाग, दुकानं, कॅफे, वर रंगीत छत्र्या लटकवलेला चौक. लोक छत्र्यांखाली फोटो काढतात, कॉफी घेतात आणि पाण्याकडे पाठ करून बसतात. माझं म्हणणं एवढंच की खुर्ची फिरवा. कारण जिथे तुम्ही बसलाय ती आता हौसेची जागा झालीये, खरं काम सरकत सरकत उत्तरेला मेर रूजच्या कंटेनर टर्मिनलकडे गेलंय, आणि ते पाण्यापलीकडे दिसतं.

मी असं सुचवेन की आधी सिटाडेलला जा, म्हणजे फोर्ट अ‍ॅडिलेड. इंग्रजांनी १८३४ ते १८४० मध्ये बांधलेला किल्ला, शहराच्या मधोमध टेकडीवर. चढ आहे, मुलं असतील तर टॅक्सीच करा. किल्ल्यात बघण्यासारखं फार नाही, खरं सांगायचं तर आत गेलात काय नि नाही काय, पण वरून अख्खं बंदर नकाशासारखं समजतं: डावीकडे साखरेच्या टर्मिनलची बाजू, मध्ये जुनं बंदर, उजवीकडे मेर रूजच्या क्रेन, बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबलेली जहाजं. हे एकदा वरून बघितलं की मग खाली आल्यावर आपण कुठे उभे आहोत ते कळतं. खाली प्लास द आर्मला माहे द ला बूर्दोनेचा पुतळा आहे, १७३५ साली आलेला हा फ्रेंच गव्हर्नर, हे बंदर खऱ्या अर्थाने उभं केलं ते यानेच. तिथून हायवेखालच्या भुयारी वाटेने वॉटरफ्रंट, आणि मग चालत आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून आणलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा. झाली सकाळ.

प्रश्न : धक्क्यावर आत जाता येतं का? ओळख लावून किंवा थोडे पैसे देऊन?

नाही. आणि पैसे देऊन तर मुळीच नाही, उगाच परदेशात भलत्या भानगडीत पडाल.

पूर्वी जगभरातल्या बऱ्याच बंदरांत माणूस सहज जहाजाच्या शिडीपर्यंत जाऊ शकायचा. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर सगळं बदललं, जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेसाठी आयएसपीएस नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आली आणि १ जुलै २००४ पासून ती लागू झाली. तेव्हापासून परदेशी जहाजं जिथे लागतात तिथे कुंपण, गेट, ओळखपत्र, आणि ज्याचं काम आहे तोच आत. मॉरिशसही त्यातच आलं.

सुरक्षेचं सोडा, तुम्हाला आत सोडलं तरी मी जाऊ नका म्हणेन. कंटेनर यार्डात माणसाने चालायचं नसतंच. रीच स्टॅकर नावाचं जे धूड असतं, पुढे लांब हात असलेलं, त्याच्या ड्रायव्हरने समोर डबा उचलून धरला की त्याला पुढचं नीट दिसत नाही, आणि डोक्यावरून तीस टनांचा डबा जात असताना खाली उभं राहणं ही काही टूरिस्टने करायची गोष्ट नव्हे. दुरूनच जास्त समजतं. एक छोटी दुर्बीण मात्र घ्या, साधी चालेल, मोबाइलच्या झूमने ती मजा येत नाही.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला जहाजांचं प्रचंड वेड. मला मात्र सगळी जहाजं सारखीच दिसतात. त्याला काय दाखवू? (आणि मला काय कळेल?)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

जहाजाच्या अंगावर इतकं काय काय लिहिलेलं असतं की एकदा वाचायला लागलात की सोडवत नाही. सुरुवात मागच्या बाजूने करा. तिथे नाव असतं आणि नावाखाली गावाचं नाव, ते नोंदणीचं बंदर. पनामा, मोनरोव्हिया, माजुरो अशी गावं दिसतील. जहाज तिथे कधी गेलेलंही नसेल, मालक तिसऱ्याच देशातला, खलाशी चौथ्या देशातले, कागद तेवढे तिथले. मुलाला विचारा मोनरोव्हिया कुठे आहे, घरी जाऊन नकाशा काढेल तो.

मग आयएमओ नंबर शोधा, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सात आकडी. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला तरी हा नंबर मरेपर्यंत तोच. आणि यात एक गंमत आहे जी दहा वर्षांच्या पोराला हमखास आवडते: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच सातवा आकडा. समजा नंबर ९०७४७२९ आहे, तर ६३ अधिक ० अधिक ३५ अधिक १६ अधिक २१ अधिक ४, झाले १३९, शेवटी ९, आणि नंबरच्या शेवटीही ९. दिसेल त्या जहाजावर करून बघू दे त्याला, तुमची कॉफी शांतपणे होईल.

आता जहाजाच्या मधोमध, पाण्याच्या जरा वर, एक गोल आणि त्याला आडवी छेदणारी रेघ दिसेल. बाजूला शिडीसारख्या छोट्या रेघा. ही भाररेषा. किती माल भरला की थांबायचं ते ही रेघ सांगते. एकोणिसाव्या शतकात मालक लोक जहाजं वाट्टेल तशी भरायचे, बुडालं तर विम्याचे पैसे मिळायचे, मरायचे ते खलाशी. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने त्यावर रान उठवलं आणि १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. शेजारच्या रेघांवर इंग्रजी अक्षरं असतात, एस म्हणजे उन्हाळा, डब्ल्यू म्हणजे हिवाळा, एफ गोड्या पाण्यासाठी, आणि टी म्हणजे उष्ण कटिबंधातला समुद्र. टीची रेघ एसच्या वर असते, म्हणजे उष्ण कटिबंधात जहाजाला थोडं जास्त खोल बसायची परवानगी, कारण तिकडचा समुद्र वर्षाचा बराच काळ उत्तरेकडच्या हिवाळी समुद्रापेक्षा शांत धरलेला आहे. कुठला पट्टा कुठल्या महिन्यात कशात मोडतो याचा नकाशाच आंतरराष्ट्रीय करारात आहे. आणि जहाज रिकामं असलं तर ही सगळी रेघोटी पाण्यापासून पार उंच गेलेली असते, त्यावरून भरलेलं की रिकामं ते लांबूनच ओळखता येतं.

पुढच्या टोकाला उभे आकडे असतात, खालून वर वाढत जाणारे, ते पाण्यात किती खोल बसलंय ते सांगतात. मीटरच्या खुणांमध्ये आकडा दहा सेंटिमीटर उंच आणि मधली जागाही दहा सेंटिमीटर, पाणी आकड्याच्या तळाला टेकलं की ते माप. बंदरात काही वेळ बसलात तर माल उतरताना हे आकडे एकेक करून पाण्यातून वर येताना दिसतात. हळू, फार हळू, पण येतात.

दोरखंडांकडे बघा. जहाज धक्क्याला ज्या जाड दोरांनी बांधलेलं असतं त्यांवर मध्येच ताटासारख्या गोल चकत्या अडकवलेल्या दिसतील. त्या उंदरांसाठी! दोरावरून चालत उंदीर जहाजावर जाऊ नयेत किंवा जहाजावरचे खाली उतरू नयेत म्हणून. बेटाच्या बाबतीत ही गोष्ट गमतीची नाही बरं का, मॉरिशसवर माणसाबरोबर जहाजांतून आलेल्या उंदीर-डुकरं-माकडांनी इथल्या मूळच्या प्राणीपक्ष्यांची पार वाट लावली, डोडोची अंडी-पिल्लं खाणाऱ्यांमध्येही यांचं नाव घेतलं जातं.

झेंडे तीनच लक्षात ठेवा. उभा अर्धा पांढरा अर्धा लाल म्हणजे पायलट जहाजावर आहे. हा पायलट विमानाचा नाही, बंदराचा वाटाड्या, परक्या कप्तानाला इथलं पाणी माहीत नसतं म्हणून तो छोट्या बोटीने जाऊन दोराच्या शिडीवरून चढतो. चालत्या जहाजावर. समुद्र हलत असताना. ते दृश्य मिळालं तर बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. दुसरा, सगळा लाल, धोकादायक माल किंवा इंधन भरणं चालू आहे, आणि पोर्ट लुईत हा भरपूर दिसेल कारण आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाणारी जहाजं इथे तेल भरायला थांबतात. तिसरा पिवळा, म्हणजे जहाजावर आजार नाही, आम्हाला बंदरात यायची परवानगी द्या.

कंटेनरचं आता पुन्हा कधीतरी, जागा संपेल.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे. तुमच्या लेखाचा राग आला. आमच्या कामाकडे लोक प्राणीसंग्रहालयासारखं बघणार, फोटो काढणार आणि तुम्ही त्यांना उत्तेजन देताय. बंदरात आम्ही काय अवस्थेत असतो माहितीये का?

साहेब, राग पोचला आणि तो रास्त आहे.

वाचकांना सांगतो, हे काय म्हणतायत ते. पूर्वी जहाज बंदरात कित्येक दिवस असायचं, पोतं पोतं उतरायचं, खलाशी गावात हिंडायचे. कंटेनर आल्यापासून जहाज काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत परत निघतं, आणि त्या वेळात माल, कागदपत्रं, तपासण्या, रसद, दुरुस्ती सगळं एकदम येऊन पडतं, म्हणजे समुद्रात जेवढी झोप मिळते तेवढीही बंदरात मिळत नाही. बऱ्याच जणांना जमिनीवर पाय ठेवायलाही होत नाही, बेट समोर दिसतं आणि तेवढंच. कोविडच्या काळात तर २०२० मध्ये लाखो खलाशी करार संपूनही जहाजावरच अडकून होते.

म्हणून माझी विनंती अशी, की धक्क्यावर किंवा डेकवर कुणाचा चेहरा ओळखू येईल असे फोटो काढू नका. वॉटरफ्रंटवर कुणी खलाशी भेटलाच तर, हे लोक हातात मोबाइल घेऊन वायफाय शोधत बसलेले असतात आणि घरी व्हिडिओ कॉल चालू असतो, त्यांना ‘कुठलं जहाज, पगार किती’ विचारत बसू नका. तो कॉल महत्त्वाचा आहे. पण साहेब, एक बाजू माझीही ऐका, तुमचं काम लोकांना दिसतच नाही म्हणून तर कुणाला पडलेली नसते. थोडं दिसू दे ना.

प्रश्न : आप्रवासी घाटावर गेलो तर आपल्या मराठी माणसांच्या काही खुणा मिळतात का? आमच्या आजीचे एक चुलत आजोबा ‘मिरिचला (म्हणजे मॉरिशसला) गेले’ एवढंच घरात बोललं जायचं. (निवृत्त शिक्षक)

सर, घाटावर नाव सापडेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण जा नक्की.

गुलामगिरी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ जण इथे उतरले, आजही त्या तारखेला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली, बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, आणि मुंबईहूनही. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागातले पुष्कळ होते, तीच आजच्या मॉरिशसच्या मराठी समाजाची मुळं.

घाटाचं बांधकाम १८४९ पासूनचं. फार मोठी जागा नाही, जागतिक वारसा यादीत (२००६ मध्ये) नोंदलेला भाग जेमतेम १६४० चौरस मीटर आहे, मूळचा परिसर बराच मोठा होता पण त्यातला पुष्कळसा रस्त्याने आणि नव्या बांधकामांनी गिळला. सोळा दगडी पायऱ्या आहेत, पाण्याकडून वर येणाऱ्या. माणसं त्यावरून वर यायची, नोंद व्हायची, एक-दोन दिवस तिथल्या शेडमध्ये ठेवायचे आणि मग मळ्याचा माणूस घेऊन जायचा. आता त्या पायऱ्यांसमोर पाणी नाही, भराव घालून किनारा पुढे ढकलला गेलाय, त्यामुळे तिथे उभं राहून ‘समुद्र कुठाय?’ असं होतं. बाजूच्या माहिती केंद्रात मात्र वेळ काढा, ते चांगलं केलंय. प्रवेश फुकट, रविवारी बंद.

खरा शोध घाटावर नाही, मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये घ्यायचा. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्यात. प्रत्येकाला नंबर दिलेला असायचा, त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला, आणि १८६० च्या दशकापासून पुढे काही जणांचे फोटोसुद्धा. पण सर, नावं कारकुनाने कानाला ऐकू येतील तशी लिहिलीयेत, आडनाव बहुतेकदा नाहीच, त्यामुळे ‘आजीचे चुलत आजोबा’ एवढ्यावर काही होणार नाही. निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांचं पाळण्यातलं नाव, बापाचं नाव, मूळ गाव, साधारण कुठल्या सालात गेले, एवढं तरी काढा आणि संस्थेला आधी लिहून विचारा. थेट जाऊन धडकू नका.

प्रश्न : विमानतळ आग्नेयेला, पहिले डच लोकही तिथेच उतरले असं वाचलं. मग राजधानी आणि बंदर नेमकं उलट्या बाजूला का?

वारा, दुसरं काही नाही. या भागात वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. डच १५९८ मध्ये आले ते आग्नेयेच्या मोठ्या खाडीत, आजचं ग्राँ पोर्ट. शिडाचं जहाज तिथे आत शिरायला सोपं, वारा पाठीवर. पण बाहेर पडायचं म्हटलं की तोच वारा तोंडावर, आणि बाहेर पोवळ्यांची रांग! कधीकधी वारा फिरेपर्यंत नुसतं बसून राहायचं. वायव्येकडचं पोर्ट लुई डोंगरांच्या आड आहे, मागे ल पूस ८१२ मीटर आणि पीटर बॉथ ८२० मीटर, त्यामुळे पाणी शांत आणि बाहेर निघताना वाऱ्याचा फायदा. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले, फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताब्यात घेतलं आणि लवकरच मुक्काम इकडे हलवला. बाकी १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी ब्रिटिशांना आरमारी लढाईत हरवलं ते त्या जुन्या ग्राँ पोर्टलाच, आणि तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेट ब्रिटिशांकडे गेलंच.

जाता जाता एक अवांतर: अठराव्या शतकात इथे एत्येन बोतिनो नावाचा एक फ्रेंच माणूस होता, तो म्हणायचा की जहाज क्षितिजावर यायच्या कित्येक दिवस आधी मला ते हवेतल्या फरकावरून कळतं. या विद्येला त्याने नावही दिलेलं, फ्रान्सला जाऊन ती सरकारला विकायचा प्रयत्नही केला, कुणी घेतली नाही. खरं काय देव जाणे, पण डोंगरावर बसून समुद्राकडे बघण्याशिवाय उद्योग नसलेल्या माणसाला काहीतरी दिसायला लागलं असेल यावर माझा विश्वास बसतो.

प्रश्न : मॉरिशस म्हणजे साखर. बंदरात साखर भरताना दिसते का?

दिसेल असं सांगता येत नाही, कारण आता ती उघड्यावर नसतेच. १९८० पर्यंत साखरेचं पोतं गोदी कामगाराच्या पाठीवरून पडावात आणि पडावातून मध्ये उभ्या जहाजात जायचं. १९८० मध्ये बल्क शुगर टर्मिनल झालं, साडेतीन लाख टन साखर मावेल एवढी गोदामं आणि पट्ट्यावरून सुटी साखर थेट जहाजाच्या पोटात. काम सोपं झालं आणि गोदीतली हजारो हातांची गरज संपली, दोन्ही एकदमच. २००९ मध्ये युरोपशी असलेला जुना हमीभावाचा साखर करारही संपला, मग बेटाने कच्च्या साखरेऐवजी शुद्ध आणि खास प्रकारच्या साखरेकडे मोर्चा वळवला आणि ती बरीचशी कंटेनरमधून जाते. म्हणजे तुमच्यासमोरून जाणाऱ्या डब्यात साखर असेलही, कळणार कसं!

या गोदी कामगारांबद्दल लेखात काहीच नव्हतं अशी तक्रार आणखी एका वाचकाने केलीये, ती मान्य करून थोडं इथे. सप्टेंबर १९३८ मध्ये पोर्ट लुईच्या गोदीत संप झाला, गव्हर्नरने आणीबाणी लावून तो मोडला आणि मजूर पक्षाचे नेते एमान्युएल आंक्तिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केलं. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या राजकारणात मळा जेवढा आहे तेवढीच गोदीही आहे, आणि वॉटरफ्रंटवर याची एक पाटी तरी ठळक असायला हवी होती असं मला वाटतं.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

भरती-ओहोटी बघून जायचं का? गरज नाही. मॉरिशसला मोठ्या भरतीलाही पाणी अर्धा मीटरच्या आसपासच वरखाली होतं.

टुना पकडणाऱ्या बोटी? त्रू फांफारोंच्या बाजूला, जुन्या बंदराच्या टोकाला, मासेमारी बोटी दिसतात, गंजलेल्या, दोरखंडांनी भरलेल्या, अजिबात फोटोजेनिक नसलेल्या आणि म्हणूनच बघण्यासारख्या. बेटाची जमीन जेमतेम २०४० चौरस किलोमीटर पण हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, त्यामुळे मासा हा इथे मोठा धंदा आहे. कच्चा खायचा टुना उणे ६० अंशाला गोठवून ठेवतात.

ड्रोन? नको. खरंच नको.

शाकाहारी आहोत, काय खायचं? बंदराजवळच सेंट्रल मार्केट आहे, डालपुरी खा, गातो पिमा म्हणजे डाळीची मिरची घातलेली भजी खा, वर आलुदा, म्हणजे दुधाचं थंडगार पेय, प्या.

टपाल तिकिटांचा छंद आहे. मग कॉदानचं ब्लू पेनी म्युझियम चुकवू नका. १८४७ ची मॉरिशसची ती सुप्रसिद्ध दोन तिकिटं तिथे आहेत, पण मूळ तिकिटांवर दिवा थोडाच वेळ लावतात, बाकी वेळ प्रती असतात, वेळ आधी विचारून घ्या.

प्रश्न : आम्हाला फेब्रुवारीतच सुट्टी मिळते. वादळाची भीती किती?

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत वादळांचा मोसम, आणि जानेवारी-फेब्रुवारी ऐन भरात. म्हणून जाऊच नये असं नाही, बहुतेक दिवस नुसतं ऊन आणि सरी असतात. पण इशाऱ्याची पद्धत समजून घ्या. एक ते चार असे वर्ग असतात. एक आणि दोन म्हणजे तयारीला लागा, तीन लागला की दुकानं, बस, ऑफिसं सगळं बंद होतं आणि तुम्हीही हॉटेलातच थांबायचं, चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झालेत. बंदराचं वागणं तर उलटच, वादळ येणार म्हटलं की मोठी जहाजं आत आसऱ्याला येत नाहीत, धक्का सोडून खोल समुद्रात निघून जातात, कारण धक्क्याला बांधलेलं जहाज लाटांनी धक्क्यावरच आपटत राहतं.

वादळापेक्षाही मी पावसाबद्दल जास्त सावध करेन. पोर्ट लुई डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये आहे, वर कोसळलं की सगळं पाणी शहरातून खाली येतं. ३० मार्च २०१३ ला अशा अचानक आलेल्या पुरात ११ जण गेले, त्यातले काही कॉदानजवळच्या भुयारी वाटेत अडकून. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. तेव्हा आभाळ फाटल्यासारखं कोसळायला लागलं तर भुयारी वाटेत उतरू नका, गाडी काढायची घाई करू नका, जवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जाऊन थांबा.

प्रश्न : रॉड्रिग्जला विमानाऐवजी बोटीने जायचंय. वेडेपणा आहे का?

थोडासा आहे, पण चांगला. रॉड्रिग्ज सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला, विमानाला दीड तास लागतो आणि जहाजाला एका दिवसाहून जास्त, तेही जाताना वारा तोंडावर, म्हणजे पोटात ढवळणार. ही जहाजं मुख्यतः बेटाचा किराणा, सिमेंट, गॅस असं सामान वाहणारी, वेळापत्रक मालावर आणि हवेवर ठरतं, त्यामुळे परतीच्या विमानाचं तिकीट ठरलेलं असेल तर हा खेळ करू नका. प्रवासी घेतायत का, त्या महिन्यात जहाज चालू आहे का, हे पोर्ट लुईतल्या जहाज कंपनीच्या एजंटकडे आधी विचारा. जाताना जहाज आणि येताना विमान असं करा, उलट नको. उलट्यांची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, सुरू झाल्यावर नाही.